तत्त्व

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागल्या बोळात
दिघ्यांच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते.
मराठी काम आता फारसं येत नाही बडोद्यात,
मुंजीच्या पत्रिका, पतपेढीचा अहवाल.
यंदा एक आख्खं पुस्तक आलं,
फतेगंजच्या आमोस भांबळ मास्तरांचं:
पहिल्या चार शतकांतली मंडळी.

मंडळी म्हणजे त्यांच्यात चर्च.
मला वाटलं, घरची माणसं.
वाचत गेले, तर भांडणं तसलीच निघाली.

पुत्र पित्याशी एकतत्त्व, की नुसता सारख्या तत्त्वाचा?
ग्रीकात म्हणे फरक एका आयोटाचा,
आपल्या वेलांटीएवढाही नाही.
तेवढ्यावरून बिशप हद्दपार,
तेवढ्यावरून बंदरात दगडफेक,
आणि सम्राट बदलला की
हद्दपार झालेले परत, परतलेले हद्दपार.

निकायाला त्यानं तीनशे जणांना
सरकारी घोड्यांवरून आणवलं, जेवू घातलं,
मधोमध बसून सांगितलं, एकमत करा.
त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायचा होता अजून.
समासात मी लिहिलं: याला काय पडलं होतं?
मास्तरांनी खाली लिहून पाठवलं:
रस्ते शांत हवे होते, बाई.

सगळीकडे त्यांनी ‘तत्व’ लिहिलेलं.
मी अर्धा त घालत गेले, एकशे बारा ठिकाणी.
मास्तर सायकलवरून आले, घामाघूम,
मुद्रित पाहून हसले खोकला येईपर्यंत.
मग म्हणाले,
आमच्याकडे प्रार्थनेत ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’
यावरून दोन गट पडले. दोन खजिनदार, दोन कुलुपं,
त्यावर तिसरं मामलेदाराचं, लाखेचं.
योना, माझा थोरला, ‘आपण’वाल्यांत.
एकोणीस वर्षं एका गल्लीत राहून
आम्ही एकमेकांना तूही म्हटलं नाही, आपणही नाही.

गेले का ते? मी विचारलं.
मास्तर टेबलावरची टाचणी उचलून ठेवत राहिले.
अर्पणपत्रिकेचं पान अजून कोरंच होतं.

संध्याकाळी रमणिकभाई केस चाळून म्हणाला,
अर्ध्या तचे खिळे संपले.
मग त्यानं एक पूर्ण त घेतला,
कानशीनं त्याचा दांडा घासला,
शिशाचा भुगा फुंकला,
आणि दिव्याखाली धरून मला विचारलं: चालशे?