आहे तशी

‘घराण्यातली’ म्हणजे घराणं कुणाचं, ते विचारायचं नाही.
‘दुर्मिळ’ म्हणजे पोटमाळ्यावर अजून अकरा आहेत.
‘मराठा पद्धतीची’ यातलं ‘पद्धतीची’ हळू म्हणायचं असतं;
नंदू कासार तर ते गिळूनच टाकायचा
जांभळी नाक्यामागच्या गाळ्यात, चहा मागवता मागवता.

‘काळाचा गंज’.
काळ म्हणजे तीन आठवडे, मीठ, लिंबू, ओलं गोणपाट.
खरा गंज काळपट, पात्यात मुरलेला, चोळला तरी हलत नाही.
हा नारिंगी. घरी पोचेपर्यंत रुमालभर होतो.

‘जाणकारांनी ठरवावे’ इथे मी नेहमी थांबतो.
म्हणजे त्याचं ठरलेलं असतं.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
पोलादाची कठीणता तपासली मी.
त्यातल्या सोळाव्या वर्षाच्या बोनसात
नंदूकडून धोप घेतली: ‘लढाईत वापरलेली’.
धारेवर खाचा होत्या, एकसारख्या, चार-चार बोटांवर.
शत्रू फूटपट्टी घेऊन आला असावा.
परज हलली म्हणून मूठ उकलली,
तर राळेच्या जागी एम-सील.
बायको म्हणाली, निदान गळणार तरी नाही.

आता जागा लहान, गुडघे जुने (हे दोन्ही खरं).
एकेक विकायला काढतोय.
धोपेखाली लिहिलं:
पातं ट्रकच्या कमानपाट्याचं.
मूठ दोन मुठींची मिळून एक.
वय माझ्या मुलीएवढं.
शोभेला ठीक. खाचा मोजून घ्याव्यात.

महिनाभर कुणी फिरकलं नाही.
मग घणसोलीहून हर्षल भोपी आला,
पाठीला लॅपटॉपची बॅग, खिशात भिंग.
पातं खिडकीच्या उजेडात धरलं,
नखानं टिचकी मारली, कान लावला.
मी ओळखतो ते कान लावणं.
मग आवाज खाली आणून म्हणाला,
‘काका, इतकं वाईट कोण स्वतःहून लिहितं?
आत काय आहे, खरं सांगा.’

मी सांगितलं.
एम-सीलही सांगितलं.
तो हसला,
सगळं कळलेल्या माणसासारखा,
नंदूसमोर मी हसायचो तसा,
आणि सांगितलेल्या किमतीवर हजार वाढवून बोलला:
‘आता तरी? जुनी आहे ना?’

त्याच वेळी आतून विचारलं गेलं,
दोघांचा टाकू का चहा?

मी ‘हो’ म्हणालो.
ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर,
ते त्यानं
आपलं आपण ठरवलं.