कानांवर हात

समोरचे खाडेकाका विचारतात,
बोलतोस तूच ना? मग कानाला ते काय लावतोस?
गाणी ऐकत बोलतोस की काय?

गाणी नाही, काका.
माइकला काय ऐकू येतंय ते ऐकतो.
कान आपला घरचा माणूस, सांभाळून घेतो.
पंखा त्याला कित्येक वर्षांत ऐकू आलेला नाही,
चौदा नंबरमधला कुकर नाही,
नव्या टॉवरच्या लिफ्टमधली ती बाईही नाही,
दार अर्धवट राहिलं की दुपारभर हिंदीत विनवत बसते ती.
कन्नमवार नगरवरून दर चार मिनिटांनी एक विमान उतरतं,
कान म्हणतो, जाऊ दे.
माइक पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा,
जे आहे ते सगळं लिहून घेतो
आणि तुम्हाला विचारत नाही.

बरं, स्पीकर लावावा
तर माझाच आवाज माइकमध्ये शिरतो,
माइकमधून स्पीकरात, स्पीकरातून परत माइकमध्ये,
बिल्डिंगमधल्या बातमीसारखा फिरत फिरत
शेवटी नुसता किंचाळतो.

एकदा हेडफोन विसरून गेलो होतो
भायखळ्याच्या एका कल्हईवाल्याकडे.
दीड तास. त्याचे हातवारे, नवसागराचा धूर,
बापाने पातेलं फेकून मारल्याची गोष्ट, त्यावरचं त्याचं गडगडाटी हसू.
घरी येऊन बघतो तर पिन अर्धी बाहेर.
दीड तास खरखर.
पुन्हा गेलो. बिचाऱ्याने पुन्हा सांगितली,
तीच गोष्ट, तेच पातेलं,
पण हसला नाही.

तेव्हापासून डोक्यावर हे असतंच.

मागच्या बुधवारी पाठारेबाई आल्या,
कपाटाच्या दारांना गोधड्या टांगून केलेल्या माझ्या स्टुडिओत.
टेलिफोन एक्स्चेंज, तेहतीस वर्षं, ट्रंक कॉल.
हेडफोन हातात दिला, तर हे कशाला, असं विचारलं नाही.
अंबाड्याचा आकडा काढून पदराला लावला,
डावा कान झाकला, उजवा मोकळा ठेवला,
वायर खांद्यावरून मागे टाकली
शेजारणीच्या खुर्चीत अडकू नये म्हणून.
शेजारी कुणी नव्हतं.

म्हणाल्या,
लाइन जोडून द्यायची आणि आपण कानांवर हात ठेवायचे,
नियमच होता तसा.
पण श्वास कळायचा हो.
पैसे मागणाऱ्याचा वेगळा,
मयत कळवणाऱ्याचा वेगळा.
हॅलोच्या आधीच कळायचं.
मग तीन मिनिटं झाली, वाढवू का, हे विचारताना
जीभ जड व्हायची.

मी विचारलं, एखादा लक्षात राहिला?

छे, म्हणाल्या, इतके कॉल, कोण लक्षात ठेवतं.

समोर बसून मला दिसलं ते एवढंच,
हसऱ्या बाई, हातात कप, बशीत अर्धं खारी बिस्किट.
हेडफोनमध्ये मात्र
'छे'च्या आधी एक आवंढा होता.
बांगडी टेबलाला टेकली, तेही आलं.
मग, वरून, विमान.

त्यांनीही ऐकलं. त्यांच्या डाव्या कानात तेच होतं
जे माझ्या दोन्ही कानांत.
माझ्याकडे बघितलं,
रात्रपाळीत एक ऑपरेटर दुसरीकडे बघत असेल तसं,
आणि म्हणाल्या,
विमान आलं मध्ये. परत घेऊ या का?

घेतलं परत.
या वेळी 'छे' अगदी स्वच्छ आलं.

तर नाही काका, गाणी नसतात.

दोन्ही फायली ठेवल्यात.
कुठली लावायची ते अजून ठरत नाही.
दुसरी चांगली आहे, सगळे तेच म्हणतील.
पहिलीत विमान आहे.