धबधब्याची खूण

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी
दैवशालाला घेऊन गौताळ्याला गेलो.
वैजापूर-कन्नड एसटी, पुढे जीप,
जीपमध्ये अकरा माणसं आणि एक बोकड.
बोकड तिच्या मांडीवर मान टाकून झोपला.

फाटकाशी वनरक्षकाने पाण्याच्या बाटल्या मोजल्या,
वहीत लिहिल्या : दोन.
तिला नाव विचारलं. मी सांगितलं.
"त्यांना बोलू द्या की," म्हणाला.
मी कानाला हात लावून दाखवला.
तो ओशाळला, आणि मग तिच्याकडे वळून
आणखीच मोठ्याने म्हणाला,
"जपून जा, ताई, शेवाळ आहे!"

चाळीस वर्षं माणसं तिच्याशी ओरडून बोलतात
आणि ती त्यांचे दात बघत राहते.

वाटेने साग, धावडा, सालई.
वानरांची टोळी मधोमध बसलेली,
काहीतरी ठराव पास व्हायचा असल्यासारखी.
तिने त्यातल्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला.

आमच्या खुणा शाळेतल्या नाहीत, घरातल्या आहेत.
तळव्यावर तळवा : भाकरी.
कपाळावर आडवी बोटं : ऊन.
डोक्याभोवती फिरलेलं बोट म्हणजे दादांचा रुमाल, म्हणजे दादा,
जाऊन सहा वर्षं झाली तरी.
धबधब्याला खूण नव्हती.
आमच्याकडे कधी लागलीच नाही.

पायऱ्यांवर आवाज आधी आला.
मी थांबलो.
तिने तळवा उलटा केला : काहून थांबलास?
ऐकू येतंय.
कसं?

आता काय सांगू.
जिनिंगची मशीन? तिला तिने एकदा हात लावला होता.
तेलात पुरी सोडताना? पण तिच्या लेखी
पुरी फुगते, एवढंच.
मी दोन्ही हात हवेत धरून
नुसता उभा.

खाली काळा कडा.
पाणी वरून निघतं ते एकसंध,
मध्ये एका दगडावर फाटतं,
आणि ज्वारी उफणताना उडावा तसा
त्याचा भुसा अंगावर येतो.
कुंडाभोवती शे-दीडशे माणसं
आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं.
एक बाप पोराला हाका मारत होता, तोंडाची नुसती उघडझाप.
एक बाई नवऱ्यावर तापलेली,
तो तिच्याकडे बघून हसत होता, मान डोलावत.

दैवशाला केव्हाच पलीकडच्या काठाला पोचलेली,
चपला काखेत, लुगडं खोचून.
तिथून तिने त्या सगळ्या गदारोळातून
अगदी स्वच्छ विचारलं :
कुलूप लावलंस?
लावलं.
ओढून बघितलंस?
बघितलं.
गॅस?
मी हात जोडले.

तो बाप माझ्याकडे बघत राहिला.
मग खांद्याला धरून, बोटाने, शर्टाने, उंचीने सांगितलं :
त्यांना विचारा, लाल शर्टातला पोरगा तिकडे आहे का.
मी विचारलं.
ती खडकामागे गेली, बखोटं धरून बाहेर आली :
लाल शर्टातले दोन आहेत.
तुझा कोणता?

नंतर ती ओल्या कातळाला तळवा लावून बसली,
खूप वेळ, डोळे मिटून.
नाडी बघतात तशी.
मी भुईमुगाच्या शेंगा संपवल्या.
उठली तेव्हा तिच्याकडे खूण तयार होती :
दोन्ही हात डोक्यावरून खाली, बोटं थरथरत,
आणि शेवटी छातीवर एक थाप.
मला तीनदा करायला लावली.
तिसऱ्यांदा म्हणाली, थाप कच्ची आहे.

जीपमध्ये परतताना मी डोळे मिटून बघितलं,
आवाज आठवेना.
थाप आठवली.

पुढच्या मंगळवारी, आठ दिवसांनी नळ आला,
पहाटे साडेचारला.
दैवशाला मला हलवून उठवत होती.
दिव्याच्या उजेडात एक करंगळी,
डोक्यावरून नाही, कमरेपासूनच,
वाकडीतिकडी खाली आली.
थाप मात्र पक्की.
ऊठ, हंडे लाव.