दोन वह्या

मी मिरजेत दोन ठिकाणी हिशेब लिहितो.
सकाळी दस्तगीरचाचांकडं, सतारी होतात त्या गल्लीत,
दुपारनंतर मगदूम मेडिकल, दवाखान्याच्या फाटकासमोर.
सायकलनं सात मिनिटं.
पोलिसांनी बांबू बांधले त्या साली, अकरा.

चाचांची वही पातळ.
एप्रिलच्या पानावर मी लिहिलं : एक ते तीस,
आणि पुढं आडवी रेघ.
आढ्याला भोपळे उलटे टांगलेले,
खाली तुणीचा भुसा, त्यात मांजरीची चार पिल्लं.
कोलकात्याचा व्यापारी फोनवर म्हणाला,
मैफलीच नाहीत, चाचा, सतार कुणाला विकू?
चाचा रिकाम्या दुकानात जव्हारी घासत बसायचे.
गिऱ्हाईक नसलेल्या सुराला
ते दिवसातून तीनदा कान लावायचे.

त्याच एप्रिलात मगदूमांकडं
आकडे बोटांच्या पुढं पळत होते.
रांग रसवंतीच्या बंद गाड्यापर्यंत.
लोक सुट्टे परत घेत नव्हते.
एकानं बुलेटची चावीच काउंटरवर ठेवली
आणि मालकाच्या तोंडाकडं बघत राहिला.
सन्मतीशेठनी मला दुप्पट पगार दिला.
मी घेतला.
घेतला, हे इथं लिहून ठेवतो, वहीत नाही.

सात मेला शेठचा धाकटा भाऊ गेला,
समोरच, दुसऱ्या मजल्यावर,
औषध घरचं असून.
त्या दिवसाचा गल्ला वर्षातला सगळ्यांत मोठा.
मी पेन खाली ठेवलं.
शेठ म्हणाले, लिहा, थांबू नका.
जमेच्या बाजूला सुतक
मी पहिल्यांदाच लिहिलं.

मग खैरूनचाची खोकायला लागल्या.
चाचांच्या वडिलांच्या हातची एक सतार होती,
भिंतीवर, विकायची नाही म्हणून टांगलेली.
पुण्याच्या एका इंजिनिअरनं फोटोवरून घेतली.
घरूनच काम असतं, म्हणाला,
वेळ मिळतोय, तर शिकावं.
चांगला माणूस. भाव केला नाही.

सकाळी पातळ वहीत मी लिहिलं :
जमा, बेचाळीस हजार.
संध्याकाळी जाड वहीत, तीच शाई, तोच हात :
जमा, बेचाळीस हजार.
इंजेक्शनं, मशीनचं भाडं, नळ्या.
दोन्हीकडं जमाच.
मधल्या अकरा मिनिटांत
जे वजा झालं, त्याला खातं नव्हतं.

चाची वाचल्या. आवाज तेवढा बसला, कायमचा.
दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला,
ऑफिस सुरू झालंय, अर्ध्या किमतीत परत घ्याल का?
चाचा म्हणाले, ठेवा.
तार उतरवून ठेवा फक्त, ताणानं मान वाकते.

आणि लंकाबाई आवळे.
कोविड वॉर्डात कंत्राटावर, झाडूफरशी,
मेलेल्याची चादर उचलणं, नातेवाईक नसला तर पाय बांधणं.
एकच स्ट्रिप घ्यायला यायच्या, तीही अर्धी कापून.
एकदा काउंटरच्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या,
भाऊ, माझं एक्केचाळीस दिवस कुठल्या वहीत असत्यात?
ठेकेदार म्हणतो, हजेरीचा कागद वॉर्डात हुता,
पिवळ्या पिशवीतनं जळायला गेला.

माझ्याकडं दोनच वह्या होत्या.
मी एक बिल उलटं केलं, मागं लिहिलं :
लंकाबाई आवळे, दिवस एक्केचाळीस, रात्रपाळी धरून.
त्यावर मगदूम मेडिकलचा शिक्का मारला.

चालला नाही.
ठेकेदार हसला म्हणे, औषधाचं दुकान काय पगार देतंय व्हय?

परवा बाजारात भेटल्या, मेथी निवडत होत्या.
मोबाइलचं कव्हर उघडून दाखवलं.
कागद चौघडी घालून आत.
शिक्का पुसलाय, थर्मल कागद, पुढचं बिल कोरं पडलंय.
मागचं बॉलपेन मात्र आहे.
म्हणाल्या, अक्षर बरं हाय तुमचं.