रुपया लावून काढलेले फोटो

आधीच्या साहेबांनी जाताना एक कपाट दिलं, एक शिक्का,
आणि पेनड्राइव्हमध्ये तीनशे बारा भिंती.
भिंतींना नावं नव्हती.
कुठलं गाव, कुठली खोली, उत्तरेची की दक्षिणेची,
काही नाही. नुसते आकडे,
कॅमेऱ्याने आपले आपण टाकलेले,
आणि प्रत्येक भेगेशेजारी
मापासाठी एक रुपयाचं नाणं,
बोटाने दाबून धरलेलं.

वसमतला मी नवी होते.
कुरुळवाडीच्या शाळेखाली जमीन मधूनच गुरगुरते
आणि वरून पत्र येतं: तपासणी करा, फोटो जोडा.
मी शिस्तीने लागले.
गावाचा फोल्डर, त्यात खोलीचा, त्यात भिंतीचा.
आधी लांबून, मग जवळून,
पाटीवर खडूने तारीख,
दरवेळी त्याच फरशीवर उभं राहून.
पण जुन्या भिंतींचं काय?
जिचं मागचं ठाऊक नाही ती भेग
वाढतेय की थांबलीय, कुणी सांगायचं?

"दाखवा," मुंजाजी म्हणाला.
टेप धरणारा, शिडी धरणारा, अडीच महिन्यांनी रिटायर होणारा मुंजाजी.
चष्मा कपाळावर सारून तो स्क्रीनला नाक लावून बसला.
"ही पाचवीची खोली. ह्या खिळ्याला नकाशा राहायचा.
ही अंगणवाडी, चुन्याखाली बगा, साताचा पाढा दिसतो.
ही तर पाण्याची टाकी हाय, ही कामून घेतली?"
"आणि फोटो कधीचा?"
"मपलं बोट पिवळं हाय ना.
म्हणजे हळद शिजवायचे दिवस. शिमग्याच्या आगंमागं."

मी टाइप करत गेले. खोली पाच, पश्चिम भिंत,
खिडकीच्या वर, मार्च.
कुठल्या साली बोटाला चिंधी होती,
कुठल्या साली नख काळं पडलं होतं,
शिडीवरून हातोडी निसटली ते साल,
सगळं त्याच्या हातावर लिहिलेलं.
आठ दुपारी लागल्या.
पंखा कागद उडवायचा, तो त्यावर
चहाचा कप ठेवायचा, कपाचे गोल
अजून फायलीत आहेत.

दोनशे सातव्याला तो गप्प बसला.
निळी भिंत. कोनाड्यापासून खाली उतरलेली
कोंबडीच्या पायासारखी भेग.
नाणं धरणारं बोट बारीक,
मनगटात तांबड्या प्लास्टिकच्या बांगड्या.
"कुठली शाळा?"
"शाळा नाही मॅडम. मपलं घर हाय.
साहेब च्या प्यायला आल्ते. काढला त्यांनी, बगतो म्हणले.
बोट शेवंताचं. ती सेलूला असती आता.
लग्नाआधीचा हाय, म्हणजे सतराचा."
मग म्हणाला, "पुसून टाका. सरकारी यादीत कशाला मपली भिंत?"

नमुन्यात घराला रकाना नाही, हे खरं.
मी नवा फोल्डर उघडला आणि कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
"भिंतीचं तोंड कुणीकडं?"
"उगवतीला."
तेवढंच लिहिलं.

रविवारी गेलो. साहेब उभे राहिले होते तिथे
आता फ्रिज आहे.
तो सरकवला, दोघांनी मिळून, मागे
जुन्या रंगाची एक निळी चौकट निघाली
आणि हरवलेली लसणाची खलबत्त्याची मुठी.
मी फोन धरला. सतराच्या फोटोत
नाणं भेगेवर आडवं बसलं होतं, भेग त्याच्याखाली
केसासारखी.
मुंजाजीने रुपया काढला,
लावून पाहिला, मग उगीच
कडेवर उभा धरला.

भिंतीने तो ठेवून घेतला.
आत कुठेतरी, विटांच्या मागे,
बारीक आवाज झाला, एकदा, मग थोडं खाली
अजून एकदा.
आम्ही ऐकत उभे.

"दुसरा हाय का?" त्याने विचारलं.
"फोटोला लागंल."