नोंद क्र. ११२

जलरंग, कागदावर. रुंदी सत्तावीस सेंटिमीटर.
सही नाही. मागे पेन्सिलीनं 'कासाडी, सकाळ'
आणि पनवेलच्या कुठल्याशा फ्रेमवाल्याचा शिक्का.
डावीकडे चिंचेच्या आसपास बुरशीचे सात ठिपके.
भिंग लावून मोजले.

बेलापूरच्या या तिसऱ्या मजल्यावर
चित्रांना बरं वाटावं म्हणून एसी चालतो.
मी शाल घेऊन बसते.

जुन्या फायलीत कुणीतरी लिहून ठेवलंय :
मध्यभागी रंग उडाला आहे, दुरुस्ती आवश्यक.
म्हणून आधी मध्यभागच पाहिला.
काठावर ओल्या हिरव्यात
जांभळा आपसूक पसरू दिलेला,
खडकांवर कोरड्या ब्रशची खरड,
मागे माथेरानचा डोंगर, एका दमात ओढलेला.
आणि नदीच्या जागी
नुसता कागद.
उडालेला रंग पोपडा सोडतो, कड सोडतो.
इथे काहीच नाही.
दोन्ही काठ आणत आणत तो पाण्यापाशी आला
आणि ब्रश खाली ठेवला त्यानं.

जोमा भगत हातात चहा असला
की उंबरठ्याच्या आत येत नाही, तसा नियम आहे.
तिथूनच मान वाकडी करून म्हणाला,
"मॅडम, ह्यो आमचा कोंड हाय."
कशावरून?
"ती चिच बगा ना. तिच्यावरशी उरी मारायचो."
मग जरा थांबून,
"पानी असंच व्हतं. तलाचे दगर मोजाचो आमी."

आणि आता?
कप या हातातून त्या हातात गेला.
"आता रंग हाय की तिला.
कवा निला, कवा तांबरा.
राती सोरतान, सकालचे दिसतं."

फायलीतली ओळ मी खोडली.
वर लिहिलं : रंग लावलेलाच नाही. हात लावू नये.
उद्या बुरशी काढायची, मऊ ब्रशनं, कोरडी.
तेवढ्यात तो दारातून,
"त्या फांदीवरचा नका काढू हां."
कुठला?
"सगल्यान वरचा. आमचा हिरू हाय तो.
कवाचा उभा ऱ्हायलाय, भितो उरी माराला."

भिंग लावलं.
बुरशीच आहे. कडेला तंतू दिसतात,
शंकेला जागा नाही.

चहा निवला होता.
नोंदीत मी ठिपके
सहा लिहिले.