आज काय भाव निघाला

केसपेपर फाडताना बाईंनी विचारलं,
"म्हाकू की महादेव?"
आधारवर महादेव, रेशनकार्डावर म्हाकू,
मार्केट यार्डात नुसता बिल्ला नंबर.
मी म्हटलं, माणूस एकच आहे, बाहेर स्ट्रेचरवर.
स्ट्रेचरचं एक चाक डावीकडं ओढत होतं.

"डोळे पिवळे कधीपासून?"
एवढंच विचारलं त्या पोरसवदा डॉक्टरनं,
माझ्या धाकट्या भावाएवढा, दोन रात्री न झोपलेला.
आणि मला उत्तर आलं नाही.

कसं सांगू, साहेब.
तीस वर्षं हळदीच्या पोत्याखाली आहे हा माणूस.
आमच्यात टॉवेल पिवळा, उशी पिवळी,
भाकरीवर बोटं उठतात तीही पिवळी.
आईचं लग्न झालं तेव्हापासून
आमच्या घराची हळद उतरलेलीच नाही.
त्यात डोळे कधी मिसळले
कुणाला कळलं?

त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला,
आप्पाच्या तळहातावर घासला. बोळा पिवळा.
दुसरा घेतला. पिवळा.
तिसरा पांढरा निघाला,
आणि हात तरीही पिवळाच होता.
तेव्हा तो गप्प झाला. मीही.

लोखंडे सिस्टर सगळ्यांवर ओरडायच्या,
चपलांवरून, डब्यांवरून, खाटेवर चढलेल्या पोरांवरून.
पण शीर धरावी तर त्यांनीच,
असं तासगावच्या शमशादभाभी म्हणाल्या, जमिनीवरच्या गादीवरून.
"मामा, मूठ आवळा."
आप्पानं आवळली. पोतं उचलायची मूठ ती.
सुईकडं बघून म्हणाला,
"एवढीशीच? आमचं दाभण बगा एकदा."
चिकटपट्टी त्या कातडीवर बसेना,
तशी सिस्टरनी गॉजची चिंधी गुंडाळली
आणि गाठ मारली, पोत्याच्या तोंडाला मारतात तशी.
आप्पानं ती उलटसुलट करून पाहिली.
काही बोलला नाही. पास केली असावी.

रक्ताची नळी पलीकडच्या इमारतीत द्यायची होती.
लिफ्ट बंद. मुठीत धरून निघाले.
कोमट होती.
जिन्यात कुणाचा धक्का लागू नये म्हणून
भिंतीला घासत चालले.
खिडकीवरचा म्हणाला, लेबल चुकलंय.
परत वर. परत खाली.

अठरा.
दुसऱ्या दिवशी एकोणीस.
त्या रात्री आईनं खाटेखाली अंथरूण टाकलंच नाही.
मग सोळा.
तेव्हापासून आप्पा डोळे उघडले की विचारायचा,
"आज काय भाव निघाला?"
मग समोरच्या खाटेवरचं जतचं पोरगं विचारायला लागलं,
शमशादभाभी, वॉर्ड झाडणाऱ्या ताराक्का,
शेवटी सिस्टरसुद्धा, "काय ओ कोळेकर, भाव?"
तेरा.
सौद्यात भाव पडला की यार्डात तोंडं पडतात.
पडला म्हणून पेढे वाटावेत असं
आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.
वाटले नाहीत. एक औषध बाहेरून आणायचं होतं.

अकरा निघाला त्या सकाळी
जतच्या पोराची खाट रिकामी होती.
त्याची आई कानडीत रडत होती
आणि सगळं समजत होतं.
त्याचा आकडा आम्ही कुणी, कधीच विचारला नव्हता.

आप्पानं त्यानंतर भाव विचारला नाही.
मी येऊन कानात सांगायचे.

सहावर सोडलं.
तीन महिने पोतं उचलायचं नाही, डॉक्टर म्हणाले.
आप्पानं मान हलवली, ऐकलं नसल्यासारखी.
चादर काढली तर मधोमध पंजा उठलेला, पाची बोटांचा.
सिस्टर करवादल्या, "हा डाग जातोय का आता?"
आणि त्यावरच दुसरी चादर अंथरली.

नवी बाई आली, कडेवर पोर, हातात रिकामी बाटली,
मलाच विचारलं, मीच इथली असल्यासारखं.
मी सांगितलं:
गरम पाणी गेटबाहेरच्या चहावाल्याकडं, फुकट देतो.
रेशनकार्डाच्या झेरॉक्स चार काढून ठेवा.
रक्त न्यायला सांगितलं तर
आधी लेबल वाचा,
मग जिना उतरा.